पाण्याची टाकी आणि पस्तीस अक्षरं

आमच्या एका ग्राहकाचा पत्ता असा आहे: मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ, मु. पो. अमुक, ता. निफाड, जि. नाशिक. गावाचं नाव मुद्दाम गाळलंय. बँकेत बावीस वर्षं काढल्यावर ही सवय हाडात मुरते. ग्राहकाला आपण नाना म्हणू, कारण सगळी शाखा त्यांना नानाच म्हणते.

हा पत्ता इंग्रजीत लिहून त्याची पहिली ओळ मोजा. बिहाइंड मारुती मंदिर निअर वॉटर टँक. रोमन लिपीत, मधल्या मोकळ्या जागा धरून, ३६ अक्षरं भरतात. परदेशातून पैसे पाठवायचा जो जुना संदेश होता त्यात एका ओळीला जागा ३५ अक्षरांची. अशा चार ओळी, आणि त्यातच नावही बसवायचं. नानांच्या फर्मचं नाव पुतण्यानं हौसेनं एवढं लांब ठेवलंय की दोन ओळी तेच खातं. उरल्या दोन. गेल्या वर्षी मार्चअखेर रॉटरडॅमहून नानांच्या द्राक्षांचे पैसे निघाले तेव्हा तिसरी ओळ ‘वॉटर टॅन’वर संपली. ‘के’ला जागाच नव्हती. चौथी ओळ ‘डिस्ट नास’पाशी तुटली. इंडिया हा शब्द अख्ख्या पत्त्यात कुठेच नाही. पैसे मधल्या एका बँकेत जाऊन बसले.

मी नाशिकच्या एका सरकारी बँकेत फॉरेक्सला, म्हणजे परदेशी चलनाच्या टेबलावर, बसते. मार्च एंड म्हणजे आमच्याकडे जेवणाचा डबा तसाच घरी परत न्यायचे दिवस. त्यात मधल्या बँकेचा मोकळ्या मजकुराचा संदेश आला, एमटी १९९ म्हणतात त्याला: पैसे घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, गाव आणि देश कळवा. हा संदेश आला मुंबईच्या आमच्या कक्षात. तिथून मेल शाखेला. मी नानांना फोन केला. नानांनी लेटरहेडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तोही असा की कोपऱ्यात चहाचा कप आणि पत्त्याच्या निम्म्या भागावर अंगठ्याची सावली. मी पत्ता टाइप करून मुंबईला पाठवला, मुंबईनं पुढे. मध्ये शनिवार-रविवार. सहा दिवस गेले.

नाना रोज फोन करायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, “ताई, माझी द्राक्षं न्हावाशेवाहून बोटीत बसली, आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला पोचली, तिथं विकली, लोकांनी खाल्लीसुद्धा. आणि पैसा विमानानं येतोय म्हणता, तो अजून वाटेतच?”

पैसा विमानानं येत नाही, पण त्या दिवशी हे सांगायची माझी हिंमत नव्हती.

*

नेमकं काय बदललं ते एकदा सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांना स्विफ्ट म्हणजे पैसे नेणारी गाडी वाटते. ती गाडी नाही, टपाल आहे. बेल्जियममध्ये ला हुल्प नावाच्या गावात मुख्य कचेरी असलेली, १९७३ साली बँकांनीच मिळून काढलेली सहकारी संस्था. दोनशेहून जास्त देशांतल्या ११ हजारांवर बँका आणि वित्तसंस्था तिच्यावरून एकमेकींना संदेश पाठवतात: अमक्याच्या खात्यात तमके पैसे जमा करा. या संदेशाचा जुना साचा म्हणजे एमटी १०३. फॉरेक्समध्ये काम केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ५० नंबरच्या रकान्यात पाठवणारा आणि ५९ मध्ये घेणारा, हे तो घडाघडा सांगेल.

त्याच्या जागी आता आयएसओ २०२२ नव्हे, आयएसओ २००२२ नावाचा साचा आलाय. (हा आकडा मी स्वतः दोन महिने चुकीचा म्हणत होते.) मार्च २०२३ पासून जुना आणि नवा असे दोन्ही चालत होते. बँकांमधल्या पेमेंट संदेशांसाठी २२ नोव्हेंबर २०२५ ला जुन्याची मुदत संपली. आता जो संदेश येतो त्याचं नाव पॅक्स ००८. गंमत म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस ऑक्टोबर २०१३ पासून याच साच्यावर चालते. तेव्हा कुणाला काही कळलंसुद्धा नाही, कारण ग्राहकाकडून नवीन काही मागितलंच नव्हतं. सगळा बदल आतल्या आत झाला.

या वेळी मात्र ग्राहकाकडून एक गोष्ट हवी आहे. पत्ता, आणि तोही सुटासुटा. नव्या साच्यात पत्त्याचे १४ कप्पे आहेत: रस्ता, इमारतीचा क्रमांक, इमारतीचं नाव, मजला, खोली, पिन, गाव, गावातला भाग, जिल्हा, राज्य, देश वगैरे. सगळे भरायची सक्ती नाही. पण नोव्हेंबर २०२६ पासून गाव आणि देश हे दोन तरी आपापल्या कप्प्यात पाहिजेतच. उरलेला पत्ता ७० अक्षरांच्या दोन ओळींत टाकला तरी चालेल. जुन्यासारखा सगळा गोपाळकाला एकत्र करून पाठवलेला पत्ता तेव्हापासून बंद.

याचं कारण यंत्र. प्रत्येक बँकेत एक चाळणी बसवलेली असते. निर्बंध घातलेले देश, माणसं, जहाजं यांच्या याद्या तिच्या पोटात. संदेश आला की ती शब्द न शब्द चाळते. आता कांदिवलीत इराणीवाडी आहे. पत्ता एका लांबलचक ओळीत असेल तर ‘इराणी’ दिसताच यंत्र कान टवकारतं. देशाच्या कप्प्यात ‘आयएन’ आणि गावाच्या कप्प्यात ‘मुंबई’ स्वच्छ लिहिलेलं असेल, तर वाडी म्हणजे देश नव्हे हे त्याला समजायला मदत होते. माणसाला हे सांगावं लागत नाही. माणूस आता त्या जागी फार कमी वेळा बसतो.

*

आम्हाला सर्क्युलर आलं ते इंग्रजीत, चार पानी. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय, मराठीत साधारण असं होईल: शाखांनी ग्राहकांना योग्य प्रकारे ‘सेन्सिटाइज’ करावं. हा शब्द वरून खाली आला की समजायचं, काम तुमचं, वेळ तुमचा, आणि नाही झालं तर खुलासाही तुमचाच.

शाखेनं पहिलं काम केलं ते सर्वत्र करतात तेच. एक ए फोर कागद छापला आणि टोकन मशीनशेजारी काचेखाली चिकटवला. तीन आठवड्यांत तो कागद एकाच माणसानं वाचला. त्याला पासबुक प्रिंटिंगचं मशीन कधी सुरू होणार ते हवं होतं.

मग मी दोन वर्षांत ज्यांचं एकदा तरी परदेशाशी देणंघेणं झालंय अशांची यादी काढली. दीडशेच्या आसपास नावं निघाली. द्राक्ष, डाळिंब, कांदा, बेदाणा, थोडे इंजिनिअरिंगवाले अंबड-सातपूरचे, आणि उरलेले आईबाप. मुलं जर्मनीत, आयर्लंडमध्ये, कॅनडात. हे दोन वेगळे गट आहेत हे मला यादी करताना कळलं. पहिल्यांना पैसे येतात, दुसऱ्यांचे जातात. पत्त्याची भानगड दोघांच्या बाजूनं उलटी आहे.

सगळ्यांना आधी फोनवर एकच गोष्ट सांगितली, आणि ती फॉर्मपेक्षा महत्त्वाची होती. तुमचा खाते क्रमांक बदलत नाही. आयएफएससी बदलत नाही. शाखेचा स्विफ्ट कोड बदलत नाही. फक्त पत्ता लिहायची पद्धत बदलते. या निमित्तानं कुणी म्हणालं की खातं बदललंय, या नव्या खात्यात पाठवा, तर तो चोर.

हे एवढ्या ठासून सांगायचं कारण आहे. निर्यातवाल्यांच्या धंद्यातली सर्वात महागडी चोरी अशीच होते. खरेदीदाराला एक मेल जातो, अगदी आपल्या पत्त्यासारख्या पत्त्यावरून, एखादं अक्षर इकडचं तिकडे. त्यात लिहिलेलं असतं, आमच्या बँकेत बदल चालू आहेत, कृपया यापुढचं पेमेंट खालील खात्यात करावं. एरवी असा मेल आला तर खरेदीदार चार वेळा विचार करेल. पण बँका खरंच बदल करत असतात त्या महिन्यांत तो मेल खरा वाटतो. त्यातून नेमक्या याच काळात रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून सगळ्या बँकांनी आपल्या वेबसाइटचे पत्ते बदलून शेवटी ‘बँक डॉट इन’ लावलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. म्हणजे आमचा पत्ता बदलला आणि आम्ही लोकांना सांगतोय, पत्ता नीट लिहा. एका डाळिंबवाल्यानं मला सरळ विचारलं, “मॅडम, आधी तुम्ही खऱ्या कशावरून?” मी खूश झाले. म्हटलं, फोन ठेवा आणि पासबुकवर शाखेचा जो नंबर आहे त्यावर उलटा फोन करा. केला त्यानं.

हेड ऑफिसनं कुणालाही लिंक पाठवली नाही. या सगळ्या प्रकरणात मला मनापासून पटलेलं त्यांचं हे एक पाऊल.

*

सप्टेंबरात पिंपळगाव बसवंतजवळ एका पॅकहाउसवर बैठक ठेवली. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला एकदा हात लागला की मग ही माणसं कुणाचीच नसतात, म्हणून आधीच. वीस-बावीस जण आले. प्लास्टिकच्या क्रेट उलट्या घालून बसले. मी मराठीत एक पानाचा फॉर्म करून नेला होता, झोनल ऑफिसला न विचारता. विचारलं असतं तर त्यांनी एचओला विचारलं असतं आणि तोवर द्राक्षं निघाली असती.

नानांनी सुरुवातीलाच मुद्दा टाकला. “ताई, मी पैसे घेणारा. पाठवणारा तिकडं. फॉर्म भरायचा तो त्यानं, त्याच्या बँकेत. मी कशाला?”

प्रश्न बरोबर होता आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तोच होता. उत्तर असं की रॉटरडॅमचा तो माणूस तुमचा पत्ता आणतो कुठून? तुमच्या इन्व्हॉइसवरून. त्याच्या कचेरीतली एक मुलगी समोर तुमचं बिल ठेवून बँकेच्या स्क्रीनवर टाइप करते. आजवर तिच्यासमोर एक मोठी चौकट असायची, ती तुमचं लेटरहेड जसंच्या तसं उतरवून काढायची. आता तिच्यासमोर गावाचा वेगळा कप्पा येणार आहे. मु. पो., ता., जि. यातलं गाव कुठलं, हे तिनं कसं ओळखायचं? ती ‘निअर वॉटर टँक’ला गाव समजेल.

“समजूं द्या,” मागून कुणीतरी म्हणालं, “तेवढाच आमच्या टाकीचा उद्धार.”

तेव्हा नानांचा पुतण्या म्हणाला, “अहो, पण ती टाकी पाडून तीन वर्षं झाली.”

मी नानांकडे बघितलं. नाना शांत. “पाडली म्हणून काय झालं? कुरिअरवाला अजून टाकीजवळच येतो.”

तिथंच मला एक गोष्ट कळली, जी त्या चार पानी सर्क्युलरमध्ये नव्हती. मी मनातून या लोकांचे पत्ते चुकीचे धरून चालले होते. ते चुकीचे नाहीत. ते पोस्टमनसाठी लिहिलेले आहेत, वाट सांगायला. मारुतीच्या मागे ये, टाकी दिसेल, तिथं विचार. वाचणारा गावात पोचलेला आहे आणि त्याला तोंड आहे, असं धरून लिहिलेला पत्ता. नवा साचा धरून चालतो की वाचणारा कुठेच पोचलेला नाही आणि कुणाला विचारणार नाही. तेव्हा “तुमचा पत्ता चुकलाय” असं म्हटलं की माणूस अडून बसतो. “यंत्रासाठी एक वेगळा लिहू” म्हटलं की पेन मागतो. हे वाक्य मी त्या दुपारपासून बदललं आणि माझं निम्मं काम हलकं झालं.

एक दाखला मात्र ऐन वेळी सुचला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. युरोपला जाणारं द्राक्ष ग्रेपनेटवर नोंदलेलं असतं. अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेची, ती व्यवस्था. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक, त्यावरून औषधांच्या अंशाची तपासणी, पॅकहाउस, पेटी, सगळं जोडलेलं. रॉटरडॅमला पेटीत खोट निघाली तर निफाडच्या कुठल्या प्लॉटमधला घड, इथपर्यंत माग काढता येतो. मी म्हटलं, “नाना, घडाचा पत्ता कप्प्याकप्प्यानं देता, वर्षानुवर्षं देता. मालकाचाच तेवढा टाकीजवळ?”

हसले सगळे. फॉर्म वाटले.

*

मग खरी मजा सुरू झाली, कारण कप्पे परक्या गावाच्या नकाशावर बेतलेले.

पहिला खोळंबा ‘टाऊन’वर. “आमचं गाव काय टाऊन आहे का? टाऊन म्हणजे पिंपळगाव.” दुसरा म्हणाला, नाशिकच लिहा, तिकडं नाशिक कळतं. तिसऱ्याचं मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं. अशा वेळी नियमपुस्तकात बोट घालून बसण्यात अर्थ नसतो. मी माझ्या अक्कलहुशारीनं एक नियम दिला: ज्या पोस्टाचा पिन लिहिता, त्या पोस्टाचं गाव ‘टाऊन’मध्ये. स्वतःची वस्ती वेगळी असेल तर ती ‘गावातला भाग’ या कप्प्यात. आपल्या टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिन काढून हा प्रश्न निम्मा आधीच सोडवून ठेवलाय. आपण मात्र पिन शेवटी, जागा उरली तर, लिहितो. त्या बावीस जणांतल्या सहा जणांना स्वतःचा पिन फोनमध्ये बघावा लागला.

दुसरा खोळंबा गट नंबरवर. रस्त्याला नाव नाही, घराला क्रमांक नाही, आहे तो सातबाऱ्यावरचा गट नंबर. इमारतीच्या क्रमांकाच्या कप्प्यात गट नंबर टाकायचा का? मी नाही टाकू दिला. गट म्हणजे जमीन, इमारत नव्हे, आणि उद्या केवायसीतल्या पत्त्याशी ताडून बघितलं तर नसता घोळ. तो गेला ७० अक्षरांच्या मोकळ्या ओळीत. माझ्या मते त्या दोन मोकळ्या ओळी ज्यानं कुणी ठेवून घेतल्या त्यानं जगातल्या निम्म्या खेड्यांवर उपकार केलेत.

नामांतराचा प्रश्न येणारच होता. संगमनेरचे एक व्यापारी आमच्याकडे खातं ठेवून आहेत, त्यांच्याकडे अहमदनगर छापलेल्या लेटरहेडचा गठ्ठा पडून आहे. आता अहिल्यानगर. त्यांना म्हटलं, तुमचं गाव संगमनेर, तेच कप्प्यात जातंय, जिल्ह्याचं नाव बदलल्यानं पैसे अडणार नाहीत, पण पुढची छपाई करताना बदला. छत्रपती संभाजीनगर रोमन लिपीत किती भरतं हेही एकानं विचारलं. मी तिथंच बोटांवर मोजलं. मधली जागा धरून पंचवीस. गावाच्या कप्प्याला पस्तीस अक्षरं असतात. मावतं, वर दहा उरतात.

नावांचं स्पेलिंग हा वेगळा तमाशा आहे, त्यात आज शिरत नाही. ज्ञानेश्वरमधल्या ‘ज्ञ’चं पॅनवर एक, आधारवर दुसरं आणि इन्व्हॉइसवर तिसरं, एवढं म्हटलं तरी फॉरेक्सवाल्यांना घाम फुटेल.

*

पाठवणाऱ्या आईबापांचं वेगळंच. तिथं पत्ता आपला नाही, समोरच्याचा हवा. आपला पत्ता आमच्याकडे केवायसीत असतोच, असला तर.

एक काकू आल्या डिसेंबरात. मुलगी गॉटिंगेनला एमएस करते. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी तिकडे आधीच भरून ठेवायचे, ११,९०४ युरो वर्षापूर्वी गेले, ते सुरळीत गेले. या वेळी घरमालकाला डिपॉझिट पाठवायचं होतं. काकूंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. त्यावर मालकाचं नाव आणि बावीस अक्षरी आयबॅन, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, मुलीनं सांगितल्यावर पेन्सिलीनं उतरवलेला, चारचार अक्षरांचे गट पाडून, एकही चूक नाही. बँकेत असे ग्राहक आले की मला टेबलावर फुलं ठेवावीशी वाटतात.

“मालकाचा पत्ता?”

“तो कशाला? मुलगी म्हणाली आयबॅन पुरतो.”

मुलगी खोटं बोलत नव्हती. युरोपातल्या युरोपात आयबॅन पुरतोच. पण इथून निघणाऱ्या संदेशात घेणाऱ्याचं गाव आणि देश हवा. पूर्वी आम्ही ओळीत नुसतं ‘जर्मनी’ टाइप करून मोकळे व्हायचो, हे कबूल करायला हवं. मी तिथंच त्यांना मुलीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिकडे सकाळचे साडेसात, मुलगी पांघरुणात. तिनं मालकाला मेसेज केला. मालकाचं उत्तर तासाभरानं आलं: तुझ्या भारतातल्या बँकेला माझा पत्ता कशाला पाहिजे? म्हणजे सेन्सिटाइज करायला जर्मनीतही कुणी गेलं नव्हतं.

पत्ता आला तेव्हा गावाच्या स्पेलिंगमध्ये ‘ओ’वर दोन टिंबं. आमच्या कळफलकावर ती नाहीत. तिथले लोकच अशा वेळी टिंबांऐवजी पुढे ‘ई’ लावतात, म्हणून तसं लिहिलं. काकू म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्यातही ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच.”

देशाच्या कप्प्यात दोन अक्षरी कोड लागतो, आणि तिथं शहाणी माणसं पडतात. युके लिहू नका, ब्रिटनचा कोड जीबी. सीएच म्हणजे चीन नव्हे, स्वित्झर्लंड. चीनचा सीएन. ऑस्ट्रेलिया एयू, ऑस्ट्रिया एटी. ही पाच नावं मी एका पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून टेबलावर काचेखाली ठेवली आहेत. टोकन मशीनशेजारच्या त्या छापील कागदापेक्षा हा पुठ्ठा जास्त वाचला जातो. उलट बाजूनं, परदेशातल्या मुलांना तिकडची बँक विचारते, आईच्या खात्याचा आयबॅन काय? भारतात आयबॅन नाही. स्विफ्ट कोड, खाते क्रमांक, शाखा, आयएफएससी द्या, हे मी आठवड्यातून दोनदा तरी सांगते.

आणि आता आमचीच गोष्ट. मी हे सगळं कागदावर कप्प्याकप्प्यानं जमवत होते, आणि आमच्या स्वतःच्या स्क्रीनवर कित्येक आठवडे पत्त्याला तेच जुने तीन लांब रकाने होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ग्राहकासमोर फॉर्म सुटासुटा भरून घ्यायचा आणि तो गेल्यावर सगळं पुन्हा एका ओळीत ओतायचं, असं चाललं होतं. एका आजोबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली आणि काही न बोलता चष्मा पुसला. जानेवारीत कप्पे आले. पहिल्या दिवशी ‘टाऊन’चा कप्पा रिकामा ठेवला तरी स्क्रीन पुढे जाऊ देत होती. ते मी कळवलं. मग दुरुस्त झालं.

दीडशेतले एकशेदहा-बारा फॉर्म जमलेत. उरलेल्यांपैकी काही फोन उचलत नाहीत, आणि फोन उचलू नका, खात्री करून घ्या असं मीच त्यांना सांगितलेलं असल्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

*

नानांनी नवीन लेटरहेड छापलं. पत्त्याच्या शेवटी गाव वेगळ्या ओळीत, त्याखाली पिन, त्याखाली इंडिया. रॉटरडॅमला पुतण्यानं मेल केला आणि सोबत, माझ्या सांगण्यावरून, फोनही केला की खातं तेच आहे, फक्त पत्त्याची मांडणी बदलली आहे. पहिल्या मोकळ्या ओळीत काय घालायचं यावर मात्र नाना ऐकेनात. गट नंबर घाला म्हटलं. घातला. पुढे मारुती मंदिर घातलं. आणि टाकी घातली. नसलेली.

“सत्तर अक्षरं आहेत म्हणालात ना?”

यंदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचं पहिलं पेमेंट आलं. मधे कुणी काही विचारलं नाही, त्याच दिवशी क्रेडिट पडलं. दुपारी नाना पावती घ्यायला आले. मी संदेशाची प्रिंट काढून दिली. त्यांनी रक्कम बघितली नाही. चष्मा लावला, पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर पुढे सरकत शेवटापर्यंत गेले.

“के आला,” म्हणाले.